अस्सल इंडियन

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षे काढली की मराठी माणसाला एखादा तरी इथला छंद चिकटतोच. कोणी गोल्फची काठी हातात धरतो, कोणी बेसमेंटमध्ये सुतारकाम मांडतो, कोणी मागच्या अंगणात इतके टोमॅटो पिकवतो की ऑगस्टमध्ये ओळखीचे लोक त्याचा फोन घेईनासे होतात. आम्हाला नाद लागला फ्ली मार्केटचा. सौ.च्या मते हा छंद नसून, लोकांची अडगळ पैसे मोजून आपल्या घरात आणण्याची सोय आहे. पुढची हकिकत वाचून वाचकही तिच्याच बाजूने मत देतील अशी दाट शक्यता आहे. पण तेवढा धोका पत्करून सांगतोच.

आम्ही राहतो ओहायोतल्या कोलंबस शहरी. १४९२ साली कोलंबस निघाला हिंदुस्थानला, पोचला भलतीकडेच, आणि समोर जी माणसे दिसली त्यांना ‘इंडियन’ म्हणून मोकळा झाला. पाचशे वर्षांनी खरेखुरे इंडियन असलेले आम्ही त्याच्याच नावाच्या गावात घर घेऊन राहिलो आणि त्याच्याच चुकीत फसलो. ते असे.

चिरंजीव तेव्हा पाचवीत होते. शाळेत ओहायोच्या मूळ रहिवाशांचा धडा चालला होता आणि प्रत्येकाने काहीतरी वस्तू आणून वर्गाला माहिती सांगायची होती. त्याच आठवड्यात फ्ली मार्केटमध्ये एका टेबलावर आम्हाला एक फ्रेम दिसली. काळ्या मखमलीवर पाच दगडी बाणांची टोके. एक मधाच्या रंगाचे, दोन तांबूस, दोन पट्ट्यापट्ट्यांची. खाली सोनेरी अक्षरांत ‘जेन्युइन इंडियन ॲरोहेड्स’, आणि मागे चिकटवलेले, शिक्का मारलेले अस्सलपणाचे सर्टिफिकेट! विक्रेता मोठा गोडबोल्या. त्याच्या आजोबांना म्हणे शेत नांगरताना ही सापडली. एकशेदहा डॉलर सांगितले, घासाघीस करून पंच्याऐंशीला मिळवली, आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

वर्गात चिरंजीवांचा जयजयकार झाला. दोन हजार वर्षांपूर्वीची खरी टोके कोणाच्याच घरी नव्हती! शिक्षिका इतक्या खूश झाल्या की त्यांनी सुचवले, जवळच्या संग्रहालयात लोकांनी आणलेल्या जुन्या वस्तू पाहून सांगण्याचा एक दिवस असतो, तिथे जरूर जा. गेलो. रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी फ्रेम उघडली, भिंग डोळ्याला लावले आणि एकेक टोक उलटसुलट करून पाहिले. आम्ही तत्परतेने सर्टिफिकेट पुढे केले. त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मग त्यांनी भिंग खाली ठेवले, आमच्या तोंडाकडे पाहिले, आणि हसू दाबत म्हणाल्या, “ही इंडियन आहेत, त्यात शंका नाही. पण बहुधा तुमच्या इंडियातली. गुजरातेत खंबात म्हणून गाव आहे, तिथे असली टोके हजारांनी बनतात आणि इकडच्या टुरिस्ट दुकानांत येतात.”

मागच्या रांगेत हशा पिकला. आम्हीही हसलो. हसले नाहीत ते फक्त चिरंजीव.

गाडीत बसल्यावर ते एवढेच बोलले, “बाबा, पण मी सगळ्यांना रिअल म्हणून सांगितलं होतं.”

पंच्याऐंशी डॉलर गेले त्याचे काही नाही. पण इथे जन्मलेल्या मुलाला वर्गात ‘तू नक्की कुठला?’ हा प्रश्न तसाही अधूनमधून येतच असतो. त्यात सोमवारी उभे राहून ‘मी आणलेले इंडियन खोटे होते’ असे सांगायची वेळ आम्ही त्याच्यावर आणली होती. त्या रात्री ठरवले, निदान खरे-खोटे कसे ओळखायचे एवढे तरी शिकायचे. पुढची दोन वर्षे संग्रहालये पाहिली, पुस्तके चाळली, जाणत्यांना प्रश्न विचारून भंडावले. त्यातले जे उमगले ते इथे देत आहोत.

दगड कसा फुटतो

आमचे मास्टर्स मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधले. काच, चिनी माती असले ठिसूळ पदार्थ कसे तडकतात यावर एक अख्खी सेमिस्टर घालवलेली. तेव्हा कधी वाटले नव्हते की हाच अभ्यास तेरा हजार वर्षांपूर्वी लोक मांडीवर दगड ठेवून करत होते!

लाकडाला रेषा असतात, स्लेटला थर असतात. गारगोटीच्या जातीच्या दगडाला यातले काही नाही. फ्लिंट, चर्ट, अकीक, आणि ज्वालामुखीची काच म्हणजे ऑब्सिडियन, हे सगळे आतून एकसारखे. कडेवर ठोका दिला की जोर शंकूसारखा आत पसरतो आणि शिंपल्याच्या आकाराचा छिलका निघतो. विहिरीत खडा टाकल्यावर जशी वर्तुळे उमटतात तशा लहरी छिलक्याच्या पाठीवर उमटतात. मूळ दगडावर त्याचा खोलगट वण राहतो. ठोका कुठून दिला, साधारण किती जोराचा होता, कठीण वस्तूने दिला की मऊ, हे सगळे त्या वणात नोंदलेले असते. तेव्हा बाणाचे टोक म्हणजे एका माणसाच्या शंभर-दीडशे निर्णयांची वहीच.

कामाच्या पायऱ्या तीन. आधी नदीतल्या गोट्याने ठोकून ओबडधोबड आकार, मग हरणाच्या शिंगाच्या जाड तुकड्याने ठोकून पातळ करणे, आणि शेवटी शिंगाचे टोक कडेवर दाबून बारीक छिलके काढणे. हे शेवटचे काम ठोकून नव्हे, नुसत्या दाबाने.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. आपण ज्यांना सरसकट ‘ॲरोहेड’ म्हणतो त्यातली बहुतेक बाणाला कधी लागलीच नव्हती! या भागात धनुष्यबाण आले अवघ्या दीड हजार वर्षांच्या आसपास. त्याआधीची सगळी टोके भाल्याची, किंवा भालाफेकीच्या काठीने फेकायच्या बारक्या भाल्याची. क्लोव्हिस नावाने प्रसिद्ध असलेली तर सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची. खरी बाणाची टोके लहान, पातळ आणि बहुधा त्रिकोणी असतात. तेव्हा तीन इंची दणदणीत टोक दाखवून कोणी ‘हे इंडियनांच्या बाणाचे’ म्हणाला, तर तो खोटारडा नसला तरी अर्धवट माहितीचा आहे एवढे समजावे.

भिंगाखाली काय पाहावे

दहापट मोठे दिसणारे भिंग पुरते. पहिली गोष्ट दगड. जुने लोक शक्यतो जवळच्या खाणीचा दगड वापरत. ओहायोत त्यातले दोन प्रसिद्ध. फ्लिंट रिजचा, ज्यात पांढऱ्यापासून गुलाबी-निळ्यापर्यंत सगळे रंग खेळतात, आणि कशॉक्टन भागातला काळसर निळा. भिंगाची, रंगांची आणि आतल्या जीवाश्मांची सवय झाली की खाण ओळखू येते. आमच्या फ्रेममधला पट्टेदार अकीक ओहायोचा नव्हताच. अर्थात परक्या दगडावरून लगेच निकालही देऊ नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल संस्कृतीच्या इथल्या टेकाडांत येलोस्टोनचे ऑब्सिडियन सापडले आहे, म्हणजे चौदा-पंधराशे मैलांवरून आणलेले. पण ते शास्त्रशुद्ध उत्खननात सापडले. फ्ली मार्केटच्या टेबलावर नव्हे.

दुसरी गोष्ट वण. चांगल्या कारागिराचे छिलके कडेपासून निघून पात्याच्या मध्यापर्यंत, कधी पलीकडेही गेलेले असतात. त्यामुळे पाते पातळ होते आणि आडवा छेद भिंगासारखा दिसतो. आमच्या टोकांवर नुसते कडेकडेने टोचे मारलेले होते आणि मधला भाग जाडच्या जाड. आजचे काही कारागीर हिऱ्याच्या करवतीने दगडाची चकती कापून घेतात आणि तिच्यावर काम करतात. मग पात्याच्या मधोमध कुठेतरी एखादा सपाट, गुळगुळीत ठिपका राहून जातो. करवत आली की दोन हजार वर्षे गेली!

तिसरी गोष्ट बूड. भाल्याला तातीने बांधताना धारदार कडेने तात कापली जाऊ नये म्हणून बऱ्याच प्राचीन प्रकारांत बुडाच्या कडा मुद्दाम घासून बोथट केलेल्या असतात. बोट फिरवले की कळते. नकली टोकांत हे विसरलेले असते, नाहीतर सँडपेपरने घासलेले असते, आणि मग भिंगाखाली सरळ समांतर ओरखडे दिसतात. शिवाय खरे टोक वापरातले हत्यार असते. आपली विळी जशी धार लावून लावून अरुंद होते तसे तेही होते. खांद्याशी रुंद आणि वर एकदम निमुळते असे टोक दिसले तर ते पुन्हा पुन्हा धार लावलेले असण्याचा संभव मोठा. नकली टोक पहिल्या दिवशीच्या रूपातच राहते.

चौथी गोष्ट वय, आणि इथेच खरी कसोटी. नुकत्याच काढलेल्या छिलक्यांच्या कडांना अगदी बारीक, अर्धवट सुटलेल्या कपच्या चिकटून राहतात. त्या भिंगाखाली पांढऱ्या चमकतात. हजार वर्षे मातीत राहिलेल्या टोकाच्या अशा कपच्या बहुधा गळून गेलेल्या असतात किंवा त्यांच्या फटींत क्षार बसलेले असतात. काही दगडांवर वर्षानुवर्षे पांढुरके पुट चढते. नांगराचा फाळ लागला असेल तर त्या पुटावर एक ताजी जखम आणि लोखंडाच्या गंजाची तांबडी रेघ दिसते. शेतात सापडलेल्या टोकाची ती चांगली खूण. उलट आजचे बहुतेक कारागीर शिंगाऐवजी तांब्याची अवजारे वापरतात, आणि तांब्याचा पुसटसा डाग कधीकधी खाचेत राहतो.

नकली माल जुना दिसावा म्हणून लोक काय काय करतात! दगड पॉलिश करायच्या पिंपात घोळवतात, ॲसिडमध्ये बुडवतात, चहात उकळतात, खतात पुरून ठेवतात. पण असे ‘म्हातारपण’ सगळीकडे सारखे लागते. खरे म्हातारपण तसे नसते, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको! चकाकीवरून मात्र फसू नये. जुने लोकही दगड सोलणे सोपे जावे म्हणून तो निखाऱ्यांखालच्या मातीत भाजून घेत, आणि भाजलेला दगड सोलला की चकाकतो.

पाचवी गोष्ट साध्या हिशोबाची. वापरलेली हत्यारे मोडतात. खऱ्या टोकांतली बहुसंख्य तुटकी असतात. कुणाचे नाक गेलेले, कुणाचा कान. एकाच फ्रेममध्ये, एकाच मापाची, पाचही अखंड? इंजिनिअर असून हा प्रश्न आम्हाला पंच्याऐंशी डॉलर देण्यापूर्वी पडला नाही याची खंत अजून आहे.

आणि हे सगळे तपासूनही काही वेळा जाणत्यांत मतभेद होतातच. एका खुणेवर भरवसा ठेवू नये. सगळ्या खुणा एकाच दिशेने बोलतात का ते पाहावे.

कागद की जागा

“कार्बन डेटिंग का करत नाही?” हा प्रश्न पॉटलकला हमखास येतो. दगडात मुळी तो कार्बन नाही! वय काढतात ते त्याच्याबरोबर त्याच थरात सापडलेल्या कोळशाचे किंवा हाडाचे. म्हणजे टोक जागेवरून उचलले की त्याच्या वयाचा साक्षीदार गेला.

याचे उत्तम उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावचे. १९०८ साली मोठा पूर आला. जॉर्ज मॅकजंकिन हा जन्माने गुलाम असलेला, पुढे घोड्यावरून गुरे राखणारा कृष्णवर्णी माणूस कुंपण पाहत फिरत होता. खचलेल्या ओढ्याच्या काठात त्याला प्रचंड मोठी हाडे दिसली. त्याने ते लोकांना सांगितले; पण तो १९२२ साली वारला तोवर कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९२६ मध्ये खोदकाम सुरू झाले. हिमयुगातल्या रानरेड्यांच्या हाडांबरोबर दगडी टोके मिळाली, पण ती सुटी निघाल्यामुळे विद्वान मानेनात. १९२७ मध्ये एक टोक बरगड्यांच्या मधोमध रुतलेले दिसले. या वेळी खोदणारे शहाणे झाले होते. त्यांनी ते तसेच ठेवले आणि तारा करून तज्ज्ञांना बोलावले. लोक आले, त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस माणूस होता हे मान्य झाले. ते टोक कोणी खिशात घालून नेले असते, तर आज तेही मखमलीवर बसले असते, आणि इतिहास मात्र गेला असता.

सोनेरी शिक्क्याच्या सर्टिफिकेटाने काही सिद्ध होत नाही. ते विकणाऱ्यानेच छापलेले असू शकते. फसवणूक ही काही आजची किंवा अमेरिकेचीच गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड सिम्पसन ऊर्फ ‘फ्लिंट जॅक’ नावाचा फिरस्ता गारगोटीची ‘प्राचीन’ हत्यारे बनवून संग्राहकांच्या आणि संग्रहालयांच्या गळ्यात मारत असे. शेवटी १८६२ साली लंडनला भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती बनवून दाखवली!

हे सगळे आम्ही घरी मोठ्या उत्साहाने ऐकवत होतो तेव्हा आमचे वडील, आबा, सहा महिन्यांसाठी इथे आले होते. वय ब्याऐंशी. गाव नेवासे. ते ऐकून घेत म्हणाले, “यात नवीन काय सांगतोस? आमच्या लाडमोड टेकाडावर हेच चालायचं.”

१९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केले, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. आबा तेव्हा शाळकरी पोर. मधल्या सुट्टीत जाऊन खड्ड्याच्या काठावर बसत, हे आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळले! “नखाएवढी, बोटाएवढी गारगोटीची पाती निघायची. आमच्या वावरात तसली पडलेली असायची, आम्ही गोफणीला लावून फेकायचो. पण ती माणसं एक पातं निघालं की थांबायची. कुठल्या खड्ड्यात, किती खोल, ते चिठ्ठीवर लिहायची, आणि मग पिशवीत. एकदा एका गड्याकडून पातं इकडचं तिकडं झालं तर केवढा ओरडा खाल्ला त्यानं! मला वाटायचं, दगडापेक्षा चिठ्ठीलाच जास्त जपतायत.”

चिरंजीव जेवायचे थांबून ऐकत होते.

खंबातची माणसे

त्या उन्हाळ्यात तिघे पिढीजात मराठी फ्लिंट रिजला गेलो. कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर, काही मैल पसरलेला हा डोंगरमाथा. झाडीत जिकडेतिकडे पाण्याने भरलेले, पालापाचोळ्याने बुजत चाललेले खड्डे. दगड काढण्यासाठी हजारो वर्षे लोकांनी खणलेले. १९६५ पासून फ्लिंट हे ओहायोचे अधिकृत रत्न आहे. इथून जवळच न्यूअर्कची मातीची प्रचंड वर्तुळे. २०२३ मध्ये होपवेल काळातल्या अशा आठ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही बांधणाऱ्यांच्या मागून या भूमीवर शॉनी, मायामी, वायनडॉट असे लोक नांदले. १८४३ साली शेवटचे वायनडॉट लोकही इथून पश्चिमेला धाडले गेले. आमच्या सबडिव्हिजनची जमीन ‘नवीन’ म्हणून विकली गेली होती, हे त्या खड्ड्यांच्या काठावर आठवून थोडे ओशाळल्यासारखे झाले.

तिथे एक हौशी कारागीर दगड सोलून दाखवत बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या असे हौशी लोक इथे ही कला जिवंत ठेवतात. ते आपल्या प्रत्येक टोकावर हिऱ्याच्या टोच्याने नाव आणि साल कोरतात. म्हणाले, “नक्कल करणं पाप नाही, न सांगणं पाप आहे.” चिरंजीवांनी बिअरच्या बाटलीच्या बुडाच्या काचेपासून स्वतःचे पहिले टोक बनवले. म्हणजे बोट कापून घेतले आणि त्रिकोणासारखे काहीतरी उरले. पण त्या गृहस्थांनी पहिला नियम सांगितला तो बोटाचा नव्हता, श्वासाचा होता. “घरात कधी करू नकोस. ही धूळ छातीत गेली की परत निघत नाही.”

ते वाक्य आमच्या डोक्यात राहिले आणि घरी येऊन खंबातबद्दल वाचायला घेतले. तिथे कारागीर जमिनीत एक टोकदार लोखंडी सळई तिरपी रोवतो, अकीकचा खडा सळईच्या टोकावर धरतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून मारतो. छिलका उडतो तो सळईच्या बाजूने. अकीक भट्टीत भाजून त्याला तांबडा रंग आणतात. जवळच लोथल. तिथल्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीचा मणी बनवण्याचा कारखाना निघाला. हडप्पाकालीन तांबड्या अकीकाचे मणी थेट मेसोपोटेमियात, ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. म्हणजे आमच्या फ्रेममधली टोके खोटी, पण त्यामागचा हात भलताच जुना!

दुसरी बाजूही वाचली. अकीक घासून गुळगुळीत करणाऱ्यांच्या छातीत सिलिकाची धूळ साठते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांच्या तपासण्या केल्या आहेत. घरातच यंत्र चालत असल्याने शेजारपाजारच्या, हे काम न करणाऱ्या माणसांच्याही छातीत ही धूळ आढळली. कित्येकांवर क्षयाचे औषधोपचार होत राहतात, आणि सिलिकोसिसला तर बरे करणारे औषधच नाही. आमच्या भिंतीवरची मणी आणि टोके स्वस्त का असतात, याचा हिशोब सर्टिफिकेटावर कुठेच नव्हता.

तोवर आम्ही त्या फ्रेमचा राग राग करत होतो. ती बेसमेंटमध्ये तोंड भिंतीकडे करून ठेवली होती.

आबा जाण्याच्या आधीच्या रविवारी एका शेतकरी मित्राच्या परवानगीने त्याच्या नांगरलेल्या शेतात फिरायला गेलो. रात्री पाऊस पडून गेलेला. माती धुपून खडे वर आले होते. तासाभराने चिरंजीव ओरडले. ढेकळाजवळ काळसर निळा, नखापेक्षा थोडा मोठा तुकडा. अर्धे टोक तुटलेले, फक्त बूड आणि एक खाच उरलेली. पोराचा हात पुढे गेला तसे बांधावर खुर्ची टाकून बसलेले आबा गरजले, “उचलू नकोस रे! आधी लिही!”

मग फोटो काढला, कोपऱ्यातल्या ओकच्या झाडापासून पावले मोजली, वहीत नकाशा काढला, आणि मगच उचलला. नंतर त्याच संग्रहालयात त्याच बाईंना दाखवला. बुडाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. घासलेली होती. त्या म्हणाल्या, “हा खरा. बाजारात याची किंमत जवळपास शून्य. पण हा नकाशा मला एक प्रत देशील का?” चिरंजीवांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते पंच्याऐंशी डॉलरांत मिळाले नसते.

वाचकांपैकी कोणाच्या मुलांना असे काही सापडले तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. राष्ट्रीय उद्याने, सरकारी जमिनी आणि आदिवासींच्या राखीव भूमी इथून काहीही उचलू नये. १९७९ पासून त्यासाठी कडक संघराज्य कायदा आहे. हाडे दिसली तर हात न लावता कळवावे. मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष त्यांच्या वंशजांना परत मिळावेत यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. सापडलेली वस्तू घासून धुऊ नये. आणि विकत घ्यायचीच असेल तर ‘किती जुने?’ हे विचारण्याआधी ‘कुठल्या शेतात, कधी, कोणाला सापडले?’ हे विचारावे. उत्तर पुसट आले तर पैसे खिशात ठेवून पुढच्या टेबलावर जावे.

त्या सोमवारी, म्हणजे फसगत कळल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, चिरंजीव वर्गात काय म्हणाले ते आम्हाला फार उशिरा कळले. “ते फेक होते,” एवढेच सांगून ते खाली बसले होते. मागच्या वर्षी सातवीत त्यांनी पुन्हा त्याच विषयावर बोलायचे ठरवले आणि बेसमेंटमधली फ्रेम स्वतः वर आणली. ‘जेन्युइन इंडियन’ची सोनेरी पट्टी काढून त्या जागी आपल्या अक्षरात नवी पट्टी लावली: ‘अकीक. खंबात, गुजरात, भारत. जुनी नाहीत. हाताने केलेली. करणाऱ्याचे नाव माहीत नाही.’

शेजारी सौ.ची कुंकवाची एक जुनी डबी ठेवली. तिच्यात तो तुटका काळा तुकडा, आणि तुकड्याखाली घडी घातलेली चिठ्ठी. आबांनी नेवाशाहून फोनवर पहिल्यांदा विचारले ते एवढेच, “चिठ्ठी आहे ना रे आत?”